गुड्डीच्या डोक्याच्या मापाचं घर

प्रेरणाने समुद्र पाहायचा ठरवला तेव्हा तिची मुलगी गुड्डी अडीच वर्षांची होती आणि घरातला शेवटचा शब्द गुड्डीचा असे. पवनीतल्या त्या घरात माणसं चारच. प्रेरणा कोंढ्याच्या शाळेत शिकवायची. नवरा चंदन पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. सासू बायाबाई तीस वर्षं बाजारात मासे विकत आली होती, आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याला उत्तर देऊन मोकळी व्हायची.

दिवाळीच्या सुट्टीत समुद्राला जायचं म्हटल्यावर बायाबाईने विचारलं, "पाणी पाहाले एवढ्या दूर कायले जाता? गोसेचं धरण भरून आहे, तेच पाहा."

प्रेरणा म्हणाली की धरण रोजच दिसतं. बायाबाई म्हणाली की नवराही रोजच दिसतो, त्याला कुठे बदलते? चंदन तेव्हा जेवत होता. तो जेवत राहिला.

हॉटेलात राहायचा प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात नागपूरच्या लग्नाला गेले तेव्हा दोन दिवस हॉटेलात काढले होते. गुड्डीने तिथलं प्रत्येक ताट बघून असं तोंड केलं जणू तिला विष घालायचा कट शिजलाय, आणि शेवटी पनीरचा तुकडा वाढणाऱ्याच्या मिशीवर नेमका मारला. तिला मऊ भात, पातळ वरण आणि आजीने काटे काढलेला रोहूचा तुकडा एवढंच चालायचं. म्हणून प्रेरणाची अट एकच होती: समुद्र दिसावा आणि स्वयंपाकघर आपल्या ताब्यात असावं.

रोज संध्याकाळी ती फोनवर सुट्टीपुरती भाड्याची घरं बघू लागली. अलिबागकडचं एक घर फार आवडलं. दारातच पोहायचा तलाव, तलावाकाठी टोपी घातलेली बाई शहाळं पिताना. स्वयंपाकघराचा फोटो मागवला तेव्हा विजेची किटली आणि दोन कप आले. शिवाय तलावाला कठडा नव्हता, आणि गुड्डीला कुठल्याही पाण्याजवळ नेलं की ती आधी चप्पल टाकायची, मग स्वतः जायची.

दुसऱ्या घराचं स्वयंपाकघर प्रशस्त होतं. ओटा, चार शेगड्या, काचेची कपाटं. पण मालकाने फोनवर सांगितलं की घरात मासे-अंडी शिजवायची नाहीत. बायाबाईने दोनदा विचारून खात्री करून घेतली की हे घर खरोखर समुद्राकाठीच आहे.

"मंग तो समुद्राचं करते काय?" ती म्हणाली, आणि त्या माणसाचा विषय तिथेच संपला.

तिसरं घर केशवराव नावाच्या म्हाताऱ्याचं, दापोलीपलीकडच्या एका लहान गावात. खाली तो आणि त्याची बायको मालनबाई राहायचे, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना. गॅस होता, कुकर होता, पाटा-वरवंटासुद्धा होता. समुद्र अंगणाच्या टोकाला. पण वरच्या सज्ज्याला लाकडी गज होते, आणि प्रेरणा तो फोटो बोटांनी मोठा करकरून बघत बसली. दोन गजांमधून गुड्डीचं डोकं जाईल का? तिने केशवरावांना विचारलं. निवृत्त माणूस, त्याला काम मिळालं. त्याने टेप लावून फोटो पाठवला. साडेपाच इंच.

आता साडेपाच इंच म्हणजे किती, हे चंदनला प्रयोग करून बघावंसं वाटलं. घरच्या खिडकीच्या गजांतलं अंतर त्याने मोजलं, तेही बरोबर साडेपाच निघालं. प्रेरणा शाळेत होती, बायाबाई बाजारात. त्याने गुड्डीला उचललं आणि म्हणाला, पाहा बरं बाहेर कोण आलं. गुड्डीने पाहिलं. डोकं सुरेख गेलं. परत मात्र येईना, कारण जाताना कान मागे दुमडले होते आणि येताना ते पुढे अडले.

गुड्डी रडली असती तर एक वेळ बरं होतं. ती खूश होती. बाहेरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती हाक मारू लागली, त्यामुळे पाच मिनिटांत खिडकीसमोर दहा माणसं जमली आणि प्रत्येकाकडे स्वतंत्र सल्ला होता. एकाने गज कापायला सांगितलं. शेजारच्या शकुनबाईने आधी फोटो काढून घेतला. चंदनने मोटारीचं ग्रीस आणलं, पण ते पोरीच्या कानाला लावायचं धाडस त्याला होईना. तेवढ्यात रिकामी टोपली घेऊन बायाबाई आली. तिने गर्दी बाजूला केली, गुड्डीच्या कानांना खोबरेल तेल लावलं, हनुवटी थोडी वर केली आणि जाळ्यातून मासा सोडवावा तशी नात सोडवली. गुड्डी म्हणाली, "अजून."

संध्याकाळी प्रेरणाला सगळं कळलं, तेही शकुनबाईच्या फोटोमुळे. तिने फोन घेतला आणि केशवरावांना सांगितलं की घर छान आहे, पण जमणार नाही. शाळा, घर, पोर यांतून तिने दोन महिने हा एवढाच हट्ट धरला होता.

बायाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि हात पुढे केला. "दे मले."

तिने केशवरावांना बायकोकडे फोन द्यायला सांगितलं. मग दोन म्हाताऱ्या अर्धा तास बोलल्या. एकीची पवनीकडची झाडी बोली, दुसरीची कोकणातली. निम्मं एकमेकींना कळलं नसणार. पण मासळी किनाऱ्यावर किती वाजता येते, कोणती बाई तोलताना लबाडी करते, पाट्याला टाकी लावून तो खरखरीत केलाय का, हे सगळं विचारून झालं. गजांचं ऐकल्यावर मालनबाई म्हणाली की जुनं जाळं पडलंय, सज्ज्याला घट्ट बांधून ठेवते.

"घर किती मोठं आहे त्या जाळ्याचं?" बायाबाईने विचारलं. "माहं बोट जाईल का?"

करंगळी जाईल, असं उत्तर आलं. बायाबाईने फोन सुनेला परत दिला आणि तिकिटं काढायला सांगितली. तीन, स्वतःचं धरून.

रेल्वे, मग बस, मग रिक्षा करत ते दीड दिवसाने पोचले. सोबत दहा किलो तांदूळ होता, कारण कोकणातला भात गुड्डीला चालेल याची हमी कोणी द्यायची? सज्ज्याला जाळं खरंच बांधलेलं होतं, गाठी बघून बायाबाईने मान हलवली. सामान टाकून सगळे अंगणाच्या टोकाला गेले. भरतीची वेळ होती. प्रेरणाच्या डोळ्यांत पाणी आलं. गुड्डीने त्या एवढ्या मोठ्या आवाजाकडे थोडा वेळ पाहिलं, मग बापाच्या मानेला मिठी मारून म्हणाली, "पप्पा, बंद कल."

तिच्या हिशेबाने त्यात काही वावगं नव्हतं. गावात जे पाणी आवाज करत येतं ते मोटारीचं असतं, आणि मोटारी तिचा बाप बंद करतो. चंदनने समजावलं की हे बंद होत नाही. गुड्डीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा धंदाच डळमळला. मग ती जी घरात शिरली ती बाहेर यायला तयार होईना. समुद्राकडची खिडकी लावून घ्यावी लागली. दीड दिवस प्रवास करून आलेली माणसं स्वयंपाकघरात समुद्राकडे पाठ करून बसली, आणि गुड्डी बादलीतल्या पाण्यात वाटी बुडवत अतिशय सुखाने खेळली.

दुसऱ्या दिवशीही तेच. बायाबाई तेवढी पहाटे मालनबाईबरोबर मासळी घ्यायला गेली आणि येताना दोन कोळणींशी भांडून, एकीशी मैत्री करून आली. जेवताना चंदन हळूच म्हणाला की गोसेला गेलो असतो तर परवडलं असतं. प्रेरणा ताटावरून उठून गेली.

दुपारी मालनबाईने चंदनला खाली बोलावलं. ओहोटी कधी लागते ते तिने बोटांवर मोजून सांगितलं, आणि पुढे काय करायचं तेही. चारच्या सुमारास तो वर आला, पान्हा हातात घेतला आणि गुड्डीला म्हणाला, "चाल, बंद करू."

पाणी फार लांब गेलं होतं. मधे नुसती ओली, चकचकीत वाळू. आवाजही उरला नव्हता म्हणायला हरकत नाही. गुड्डी बापाच्या कडेवरून उतरली. तिने आधी चप्पल टाकली, मग ओल्या वाळूत पाय रोवला, मग एका खेकड्याच्या मागे धावली. पान्हा हातात धरून चंदन मागे चालत होता आणि किनाऱ्यावरचे दोन कोळी त्याच्याकडे बघून हसत होते, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

पुढचे तीन दिवस घर ओहोटीच्या वेळेवर चाललं. ती रोज पाऊण तास उशिरा यायची. त्याप्रमाणे गुड्डीची झोप, वरण, अंघोळ सगळं सरकत गेलं. पाणी रोज परत का येतं, याचं उत्तर चंदनने लाईट आली असं दिलं, आणि गुड्डीला ते पटलं.

निघायच्या दिवशी सकाळी गुड्डी मालनबाईच्या मांडीवर बसून लाल तांदळाची पेज खात होती. दहा किलोंतला सहा किलो तांदूळ तसाच होता, पण त्याबद्दल बायाबाईसमोर बोलायची कोणाची हिंमत नव्हती. प्रेरणा भांडी घासत होती. बायाबाईने तिच्या हातातला घासणीचा गोळा काढून घेतला.

"तू अजून गेलीच नाही पाण्यात," ती म्हणाली. "जा."

भरती होती. प्रेरणा सलवार-कुर्त्यातच गेली, आधी घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. एका लाटेने ती पडली, नाकातोंडात खारं पाणी गेलं, एक कानातलं गेलं. ती पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. न्यायला आलेल्या रिक्षावाल्याने दारात दोनदा भोंगा वाजवला. बायाबाईने त्याला चहा दिला आणि बसायला खुर्ची दिली.