विमानाचा राखाडी

अण्णा आज दुपारी झोपणार नाहीत हे त्यांच्या मुलीच्या लक्षात आलं तेव्हा सव्वादोन वाजले होते. एरवी ताटावरून उठला की पाचव्या मिनिटाला घोरणारा माणूस! आज मात्र स्वारी खिडकीपाशी खुर्ची ओढून ताठ बसलेली. चार वाजता बारक्या विमान न्यायला येणार होता. त्याआधी त्या विमानाचा रंग बदलायचा होता, आणि तोही अण्णांना पत्ता लागू न देता.

विमान वीतभर लांबीचं, प्लॅस्टिकचं, लढाऊ जातीचं. अण्णांनी दोन महिने खपून जोडलेलं. अण्णा म्हणजे हवाई तळाच्या रंगशाळेत तेहतीस वर्षं खरीखुरी विमानं रंगवलेला माणूस. तिथे त्यांना सगळे उस्ताद म्हणत, आणि आपल्या डोळ्याचं कौतुक ते स्वतः इतकं करत की दुसऱ्या कुणाला करायला फारशी जागा उरत नसे. आता तळावर जुन्या वस्तूंचं एक दालन उघडणार होतं. त्यात हे विमान मांडायचं होतं.

रंगही त्यांनी स्वतःच मिसळला, आठवणीतून. त्याच जातीच्या विमानाच्या अंगावरचा तळहाताएवढा पत्रा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेला होता, मूळ राखाडी रंगासकट. "अण्णा, पत्र्याशी लावून बघायचं का एकदा?" असं तिने भीतभीत विचारलं होतं.

"पत्रा शिकाऊ पोरांसाठी असतो," अण्णा म्हणाले. "माझा डोळा काय भाड्याने आणलाय?"

ती रंगाच्या दुकानात शेड जुळवायचं काम करते. लोक भिंतीचा पोपडा नाहीतर पडद्याचा तुकडा घेऊन येतात आणि ती त्याच रंगाचा डबा काढून देते. अण्णांचा राखाडी निळ्याकडे झुकतोय, निळा मारतोय हे तिला पहिला हात बसला तेव्हाच दिसलं. फार नाही, पण नजरेत भरण्याइतका. तरी ती बोलली नाही. अण्णांना रंगावरून कुणी काही सुनावायची त्या घरात पद्धतच नव्हती.

रंगशाळेत एकाने सुनावलं होतं. तो बारक्या. बारा वर्षांपूर्वी तो अण्णांच्या हाताखाली होता. मिसळलेला रंग विमानाला लावण्याआधी ठरलेल्या नमुन्याच्या पट्टीशी ताडून बघायचा, असा तिथला नियम. अण्णा त्या पट्टीकडे ढुंकून बघत नसत. एक दिवस बारक्याने चारचौघांत ती पट्टी बादलीवर धरली आणि म्हणाला, "उस्ताद, निळा मारतोय." झालं! याला रंगाची नजर नाही, असा अहवाल अण्णांनी लिहून दिला आणि बारक्याची रवानगी भांडारात झाली, स्क्रू आणि पान्हे वाटायला. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला. हा किस्सा अण्णा आल्यागेल्याला रंगवून सांगत.

आता तोच बारक्या दालनाची जुळवाजुळव करत होता. त्यानेच आपणहून फोन करून अण्णांकडे विमान मागितलं होतं. तो एवढा मान देतोय याचा अण्णांना आनंद झाला. तिला मात्र धडकी भरली.

कारण मध्ये अण्णांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. विमान रंगवून झालं आणि पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया. "भिंग पार पिवळं पडलं होतं," डॉक्टर म्हणाले होते, "दहा-पंधरा वर्षं तरी हळूहळू चाललं असणार." अण्णांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. तिने मात्र तिथेच, दवाखान्याच्या बाकावर, मनातल्या मनात वर्षं मोजली. पिवळ्या काचेतून बघणारा माणूस आठवणीतला राखाडी शोधायला निघाला तर निळा ओतत जाणार. आत्ताही, आणि बारा वर्षांपूर्वीही.

नऊ दिवस अण्णांना काळा चष्मा होता, म्हणून निभावलं. तो आज सकाळीच निघाला. तिने अर्धी रजा टाकली, पत्रा गुपचूप दुकानात नेऊन शेड ओळखायच्या मशीनवर ताडला आणि बरोब्बर राखाडीची छोटी डबी पर्समध्ये घालून आणली. विमान तिने कपाटावर टॉवेलखाली झाकून ठेवलं होतं. अण्णांचा डोळा लागला की अर्ध्या तासाचं काम. पण मेला डोळा लागायला नको?

पावणेतीनला ती ओट्यापाशी भांडी विसळत होती. वळून बघते तर अण्णा खुर्चीत नव्हते, आणि टॉवेल जमिनीवर पडला होता.

ते खिडकीत उभे होते. एका हातात विमान. दुसऱ्या हाताने त्यांनी उजवा डोळा झाकला, मग डावा, मग पुन्हा उजवा. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन फाटावी.

"पत्रा आण," अण्णा म्हणाले.

तिने पर्समधून पत्रा काढून दिला. तो कपाटात का नव्हता, हे त्यांनी विचारलं नाही. पत्रा त्यांनी पंखाला लावून बघितला.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"नीट रंग आणलायस?"

तिने डबी पुढे केली. आता अण्णा त्या जुन्या गोष्टीबद्दल काही बोलतील असं तिला वाटलं. अण्णांनी घड्याळाकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मार पटकन. त्याला कळायला नको."

तिला त्यांचा राग आला आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदम. तिने टेबलावर कागद अंथरला, कॉकपिटवर चिकटपट्टी लावली, रंग पातळ केला आणि फवारणीचं पेन सुरू केलं. एकदा रंगाचा ओघळ आला, तो पुसून पुन्हा मारावा लागला. अण्णा शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते. धड झालं, डावा पंख झाला. उजवा घेणार एवढ्यात बेल वाजली. सव्वातीन.

"बस लवकर मिळाली," बारक्या दारातूनच म्हणाला. नाव बारक्या, पण केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. तो अण्णांच्या पाया पडायला वाकला, अण्णा मागे सरकले. "वास आला बघा, उस्ताद. रंगशाळेत आल्यासारखं वाटलं."

आणि तो थेट टेबलापाशी गेला. विमान लपवायला वेळच नव्हता. एक पंख एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या.

"अजून चाललंय होय?" तो वाकून बघू लागला. मग हसला. "मला विचाराल तर डावा बरोबर वाटतो. म्हणजे तोच चुकला असणार! उजवा निळा दिसतोय मला, तेव्हा तोच खरा. काय उस्ताद?"

कुणीच हसलं नाही.

"नाही, खरंच सांगतो ताई," तो तिच्याकडे वळला. "तेव्हापासून मी रंगाच्या भानगडीत पडत नाही. शर्टसुद्धा बायको काढून देते. नात चित्र रंगवताना विचारते, आजोबा, हा कुठला रंग? मी म्हणतो, आजीला विचार बाळा, आजोबांना नजर नाही."

अण्णांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. एक शब्द. त्यांनी तो म्हणून टाकावा असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

"डावाच बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

"अं?"

"तेव्हाही निळाच मारत होता. तू बरोबर होतास." अण्णांनी टेबलाची कड धरली. "डोळा माझा गेला होता, बारक्या. तुझा नाही."

बारक्याच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं. त्याने पत्रा उचलला, आधी एका पंखाशी धरला, मग दुसऱ्याशी. तो खुर्चीत बसला.

"मी तुमचंच खरं धरलं हो," तो म्हणाला. "भांडारात रोज वाटायचं, उस्ताद कसे चुकतील?"

"मी काय करू आता, सांग," अण्णा म्हणाले. "काहीही सांग."

बारक्याने पत्रा टेबलावर ठेवला. "लिहून द्या," तो म्हणाला. "तेव्हा दिलं होतं तसं."

"आता कुठे कामाला येणार तो कागद?"

"घरी दाखवीन."

तिने वही आणि पेन आणून ठेवलं. अण्णा बसले. कागद नव्या डोळ्याजवळ धरून त्यांनी तारीख घातली, खाली दोन शब्द लिहिले आणि थांबले. पेन तसंच टेकलेलं राहिलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, पण तिलाही ते ठाऊक नव्हतं.

"तुझं नाव काय रे?" अण्णांनी विचारलं.

बारक्याने नाव सांगितलं. मग वडिलांचं, मग आडनाव. अण्णा एकेक अक्षर लिहीत होते तसा तो थांबत होता.