पाठीवरची रेघ

मी एक जुना नकाशा आहे आणि सध्या भिंतीकडे तोंड करून टांगलेला आहे. मित्रांनो, वर्गात खोड्या करणाऱ्याला कोपऱ्यात उभे करतात, तसली ही शिक्षा नाही. माझ्या तोंडावर विश्वास ठेवावा असे आता काही राहिलेले नाही, म्हणून माझी पाठ लोकांपुढे ठेवली आहे. असे का झाले ते सांगतो, पण शांतपणे सांगेन असे वचन देत नाही.

मला नगरपालिकेच्या ड्राफ्ट्समनने काढले. पुढच्या वीस वर्षांत शहर कसे वाढणार, शाळा कुठे, बाग कुठे, मोठा रस्ता कुठून, हे सगळे माझ्या अंगावर होते. हा ड्राफ्ट्समन भलताच चिकाटीचा माणूस. मोठ्या रस्त्याची रेघ ओढण्याआधी तो त्या वाटेने पायी फिरून आला. वाटेत बारा घरांची एक ओळ लागली. त्याने रेघ त्या घरांच्या मागून, पडीक जमिनीतून, वळवून नेली.

शेजारचा सहकारी हसून म्हणाला, "अरे, सरळ ओढ ना. पट्टी आहे की हातात!"

"पट्टीचं काय जातंय?" तो म्हणाला. "तिथं माणसं राहतात."

ते वळण नखाएवढे होते. माझ्या अंगावरचे सगळ्यात चांगले काम तेच.

मग मला कापडावर चिकटवण्यासाठी एका बुकबाइंडरकडे दिले. त्यांचे हात सदा खळीने बरबटलेले, म्हणून सगळे त्यांना खळकाका म्हणत. ते त्याच बारा घरांपैकी एका घरात राहत आणि पुढच्या खोलीत काम करत. त्यांनी आधी आपले घर शोधले, रेघ मागून गेलेली पाहिली आणि खुशीत लेकीला हाक मारली, "बघ गं, आपण नकाशात आहोत!" त्या नादात खळ पातळ झाली. ओल कागदात मुरली आणि शाई पाठीमागच्या कापडावर उतरली. सगळ्या रेघा, त्या वळणासकट, आरशातल्यासारख्या उलट्या, माझ्या पाठीवर फिकट निळ्या उमटल्या. खळकाकांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण पाठ कोण बघतो, असे म्हणून त्यांनी मला तसेच पोचते केले.

नगरपालिकेत जिन्यासमोर मला टांगले. साहेब लोक पाहुण्यांना माझ्यापुढे आणून छाती फुगवत. सामान्य माणसे मात्र बोट ठेवून एकच विचारत, "आमचं घर कुठे आहे हो?" रस्त्याची काळजी सगळ्यांना, त्यामुळे बोटे पुन्हा पुन्हा त्याच वळणावर. घासून घासून दगडही झिजतो, मी तर कागद. सात वर्षांत ते वळण पार पुसून गेले.

एकदा वरचे मोठे साहेब तपासणीला येणार होते. हुकूम सुटला, "नकाशा जरा उजळून घ्या." ड्राफ्ट्समन निवृत्त झाला होता. माझी दुसरी प्रत कपाटात होती आणि कपाटात वाळवी होती. तेव्हा एका कारकुनाने जाड लाल पेन घेतले, पट्टी लावली आणि रेघेची उरलेली दोन टोके सरळ जोडून टाकली. टेबलावरचा चहा निवायच्या आत काम उरकले, आणि बारा घरे रस्त्यात गेली. मित्रांनो, मला वाचा असती तर मी तिथल्या तिथे बोंब ठोकली असती!

रस्ता काही आला नाही. आली ती बंदी. रस्त्यात जाणाऱ्या घराचे गळके पत्रे बदलायला परवानगी नाही, खोली वाढवायला नाही, विकायला काढले तर गिऱ्हाईक फिरकत नाही. पलीकडच्या गल्लीत, जिच्या कडेने हा कागदी रस्ता जाणार होता, तिथे मात्र जागांना सोन्याचा भाव. एका पेनाने एकाला रडवले आणि दुसऱ्याला हसवले. एक दलाल माझ्यापुढे उभा राहून लाल रेघ निरखत असे आणि मग त्या ओळीत दारोदार जाऊन सांगत असे, "रस्ता आला की हातात धुपाटणंही राहणार नाही. आत्ता देत असाल तर घेतो."

खळकाका तक्रार घेऊन आले. "रेघ आमच्या मागून होती. मीच चिकटवलाय हा नकाशा."

कारकून वर न बघता म्हणाला, "काका, नकाशात आहे ते आहे. पुरावा असेल तर बोला."

पुरावा होता. माझ्या पाठीवर होता. खळकाकांचा हात माझ्या कडेपर्यंत आला आणि मागे गेला. पाठ दाखवायची म्हणजे आपले बिघडलेले काम चारचौघांत मांडायचे, आणि नगरपालिकेचे काम सुटले तर खायचे काय? ते गप्प घरी गेले आणि दोन वर्षे गप्प राहिले. तेवढ्या काळात अकरा घरे दलालाच्या घशात गेली. त्यातले शेवटचे, अकरावे घर शेजारच्या टेलरमास्तरांचे.

मास्तरांचे शिलाई मशीन टेम्पोत चढताना पाहिले, तेव्हा कुठे खळकाकांनी लेकीपुढे तोंड उघडले. दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन आली. शिपाई "हात लावू नका" म्हणून ओरडत असताना तिने मला खिळ्यावरून उतरवले आणि साहेबांच्या टेबलावर पालथे घातले.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "यावर सही कुठे आहे?"

"सही पुढे आहे साहेब," लेक म्हणाली. "खरं मागे आहे."

शेवटी म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनला बोलावले. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हे माझंच वळण आहे." रेघ पुन्हा घरांच्या मागे गेली.

आता न्याय झाला, असे वाटते ना? ऐका तर. बारा घरे मोकळी झाली, त्यातली अकरा दलालाची. घरांना पुन्हा मोल आले, ते त्याच्या पदरात पडले. आज तिथे टोलेजंग इमारत उभी राहते आहे आणि खळकाकांच्या अंगणात दुपारीच सावली येते. आणि फायलीत काय लिहिले आहे, ठाऊक आहे? 'नकाशात दोष आढळला. कारण, बाइंडिंगचे काम निकृष्ट.' पट्टीबद्दल चकार शब्द नाही! लाल पेनाबद्दल नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी. खळकाकांचे नगरपालिकेतले काम बंद झाले ते झालेच.

मला रद्दीत काढले, तेव्हा खळकाकांनी मला मागून घेतले आणि पुढच्या खोलीत पाठ पुढे करून टांगले. एक दिवस टेलरमास्तर आले. ते आता शहराच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहतात. उलट्या नकाशातही त्यांना आपले घर बरोबर सापडले. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "म्हणजे माझं घर रस्त्यात नव्हतंच?"

"नव्हतं, मास्तर."

"आणि तुला माहीत होतं."

खळकाकांनी मान खाली घातली. मास्तरांचे बोट बराच वेळ तिथेच राहिले.

मित्रांनो, उद्या तुमच्यातला कुणी साहेब होईल, कुणी कारकून होईल. पुसलेली रेघ जोडायची वेळ आली, तर पट्टी उचलण्याआधी त्या गल्लीतून एकदा चालून या. आणि आपल्या हातून काही बिघडले असेल, तर ते शेजाऱ्याचे सामान टेम्पोत चढण्याआधी सांगा. मास्तर अजूनही अधूनमधून येतात आणि त्याच जागी बोट ठेवून उभे राहतात. माझी पाठही आता तिथे झिजायला लागली आहे.