एका तारखेची दोन कुलपं

आमच्या दिवाळे गावात समाजहॉलची किल्ली तुळशीरामकाकांच्या दारामागच्या खिळ्याला असायची. ज्याच्या हातात किल्ली, त्याचा हॉल. मग काकांचा भाचा कल्पेश ऐरोलीच्या एका कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागला आणि गावाला ॲप हवं असं त्याने डोक्यात घेतलं. काका कमिटीचे अध्यक्ष, त्यामुळे ॲप झालं, सत्कार झाला, शालही मिळाली. एकदा शाल मिळाली की आमच्याकडे माणूस चुकत नाही.

आमच्या शेजारची येसूबाई मासळी विकते. तिचा नवरा शिवराम अचानक गेला. हॉलच्या पायाची रेती त्याच्याच होडीतून आली होती. बाराव्याला आजूबाजूच्या कोळीवाड्यांतले सगेसोयरे येणार, घर एका खोलीचं, म्हणून तिला हॉल हवा होता. तो आधीच कोणीतरी घेतलेला होता. पण त्यांचा बेत मोडला आणि देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला, की तारीख सुटली. त्याच क्षणी येसूबाईसाठी मी माझ्या फोनवर बटण दाबलं आणि तिकडे कल्पेशच्या आईने दाबलं, तिच्या मुलीच्या, ईश्वरीच्या हळदीसाठी. हॉल तुमचा झाला, असा मेसेज दोन्ही फोनवर आला.

मीही प्रोग्रामरच, महापेला कामाला जाते. कल्पेशकडून कोड मागवून घेतला. वाचून आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. एका वेळी एकालाच तारीख तपासू द्यायची, तोवर दुसऱ्या थ्रेडला, म्हणजे त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या मागणीला, बाहेर थांबवायचं, यासाठी त्याने कुलूप लावलं होतं खरं. पण प्रत्येक बुकिंगला तो नवा ऑब्जेक्ट बनवत होता आणि कुलूप त्या ऑब्जेक्टचं होतं. म्हणजे दोन माणसांनी आपापल्या पिशवीला कुलूप लावायचं आणि हॉलचं दार सताड उघडं. दोन्ही थ्रेड एकदम आत गेले, दोघांना तारीख मोकळी दिसली, दोघांनी ती घेतली.

हे मी त्याला दाखवलं. त्याला लगेच कळलं. हुशार आहे, ते मी नाकारत नाही. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एकच कुलूप केलं. आणि त्याच हाताने येसूबाईचं बुकिंग पुसून टाकलं.

कमिटीसमोर तो म्हणाला, की ॲपमध्ये एकच बुकिंग दिसतंय, दुसरा मेसेज चुकून गेला असेल. मी उभी राहिले आणि पिशव्यांच्या कुलपांपासून पुसण्यापर्यंत सगळं सांगितलं. कल्पेश फरशीकडे बघत बसला. काकांना काही उमगलं नसेल असं मला वाटत होतं. पण त्यांनीच विचारलं, की म्हणजे हॉल दोघींना दिला गेला, असंच ना? मी हो म्हटलं. मग ते येसूबाईकडे वळले.

"येसू, पोरीची हलद एकदाच लागते ग."

"मानूस बी एकदाच मरतं, दादा," येसूबाई म्हणाली. "हलद अंगनात बी लागंल. मी एवढी मान्सं कुठं बसवू?"

पण हळदीचा डीजे सांगून झाला होता, मुलाकडच्यांना हॉल कळवून झाला होता. हॉल हळदीला गेला. चूक कोणाला कळलीच नसती, तर मी समजून घेतलं असतं. सगळ्यांना कळली होती, आणि तेच माझ्या घशाखाली उतरत नाही.

बाराव्याला आम्ही गल्लीत ताडपत्री बांधली. निम्मे पाहुणे उन्हात उभे होते. हॉलवर दुपारपासूनच डीजे सुरू झाला, त्यामुळे इथे कोणी कोणाशी बोललेलं ऐकू येत नव्हतं. गावातली बरीच माणसं तिकडेच होती.

जेवणं चालू असताना तुळशीरामकाका आले. बाराव्याला तोंड दाखवायला हवं, एवढी रीत ते पाळतात. येसूबाईने स्वतः त्यांचं पान वाढलं. काका बसायला वाकले तेव्हा तिला दिसलं, त्यांच्या दोन्ही गालांना ओली हळद होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"दादा, तोंड धुऊन बसा."

काका तांब्या घेऊन गल्लीच्या कडेला गेले. तिथे तो खाली ठेवला आणि तोंड न धुताच हॉलकडे चालू लागले.