शेरूचं खत

आमचा शेजारी गुणवंत आपल्या वाळलेल्या कुत्र्याले, शेरूले, घेऊन कळंबले जनावरांच्या डॉक्टरकडं गेलता. मी संग होतो.

डॉक्टर म्हणे, "याच्या पोटात दोन जातीचे जंत हायेत, वरून गोचिडाचा ताप. जंत माणसालेबी होतात. घरी लेकरू हाये का?"

"नात हाये. पोट दुखते तिचं. पण मी लय सफाई ठेवतो, साहेब! शेरूची घाण रोज उचलतो."

"टाकतो कुठं?"

"सांबाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या वाफ्यात. खत वाया कायले घालवाचं?"

डॉक्टरनं कपाळाले हात लावला. "नातीले आधी दवाखान्यात ने बाबा! अन् तो सांबार ज्यानं ज्यानं खाल्ला, त्यालेबी."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आमची अख्खी गल्ली रांगेत होती. गुणवंतच्या सांबाराच्या फुकटच्या जुड्या सगळ्यायनंच नेल्या होत्या. शेरू तेवढा घरी आराम करून राह्यलता.