डेल्फियाची उपकारस्तुती

बुधवारी चर्चच्या तळघरात बायका प्रार्थनेला जमायच्या, तेव्हा डेल्फियाचं मागणं ठरलेलं असे: "प्रभू, माझ्या क्लेलची दारू सुटू दे." केंटकीच्या त्या डोंगरी खोऱ्यात हे मागणं इतकं जुनं झालं होतं, की तिने नुसतं तोंड उघडलं तरी बाकीच्या "आमेन" म्हणून मोकळ्या होत.

आणि या वसंतात तिच्या नवऱ्याची, क्लेलची दारू खरंच सुटली.

पास्टर एस्टिलनी तिला चर्चच्या दारातच गाठलं. "सिस्टर डेल्फिया, येत्या रविवारी उपकारस्तुतीची प्रार्थना तुम्हीच करायची. इतकी वर्षं मागितलंत, आता आभारही तुमच्याच तोंडून ऐकू द्या."

ती हो म्हणाली आणि घरी भांडी घासताना पुटपुटून पाहू लागली. "प्रभू, मी तुझे आभार..." गाडी तिथेच अडायची. क्लेल पीत होता तेव्हा संध्याकाळी घरात नसायचाच. ती मागच्या पायऱ्यांवर बसून गोधडीचे तुकडे जोडायची, रेडिओ ऐकायची. आता तो दिवसभर तिच्या मागेमागे. जेवायला बसलं की डोळे मिटून मक्याच्या पावाचे, घेवड्याचे, शेगडीचे, छपराचे, तिचे, सगळ्यांचे आभार मानत सुटायचा. घेवडा गार व्हायचा, तरी याचं आमेन येईना.

ज्याच्यासाठी देवाचं डोकं खाल्लं ते मिळालं, आणि आता ते आपल्याला नकोसं झालंय? की नकोसं नाही, दुसरंच काही? तिचं तिलाच उमगेना.

शेवटी तिने शेजारच्या नेटीपाशी मन मोकळं केलं. नेटीचा मुलगा अजून पीत होता.

"डोकं ठिकाणावर आहे ना गं तुझं?" नेटी उसळली. "नवरा शुद्धीत घरी बसलाय आणि तू नाक मुरडतेस? माझा डॅरिल एक दिवस असा बसू दे, पास्टरच्या कोंबड्यांचं खुराडं जन्मभर साफ करीन मी!"

"नाक नाही गं मुरडत. मला कळतच नाहीये."

"मग तसं देवालाच सांग. मला कशाला छळतेस?" नेटीने दार लावून घेतलं.

रविवारी डेल्फिया उभी राहिली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"प्रभू," ती म्हणाली, "क्लेल घरी आहे." कुणीतरी खोकलं. "तू दिलंस. पण ते घ्यायचं कसं, हे मला कळत नाही. आमेन."

लोकांना वाटलं, आनंदाने बिचारीचा कंठ दाटला. "आमेन! आमेन!" चा गजर झाला. पास्टरनी डोळे पुसले. नेटीने मात्र तिच्याकडे पाहिलं नाही.

घरी परतताना ट्रक चालवत क्लेल कधी नव्हे तो गप्प होता. पुलाशी आल्यावर म्हणाला, "ते खरंच होतं का? घ्यायचं कसं कळत नाही, ते?"

तिला खोटं बोलवेना. "हो."

"मलाही नाही कळत, डेली." त्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "म्हणून तर टेबलावर एवढा बडबडतो. गप्प बसलो की घसा कोरडा पडतो. मग वाटतं, अजून एखादी वस्तू शोधावी आभार मानायला. काल तर मिठाच्या बरणीवर आलो होतो."

"ऐकलं मी."

"आत्ता काही सुचत नाहीये. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. घर येईपर्यंत."

डेल्फियाने आधी पास्टरच्या टायबद्दल सांगितलं. मग टोमॅटोच्या रोपांना लागलेल्या किडीबद्दल, मग नेटी रागावलीय त्याबद्दल. तो ऐकत होता, मधूनच "हं" म्हणत होता. बोलता बोलता तिचा आवाज का कापतोय, तिला कळेना. राग होता की दुसरं काही, की पास्टर ज्याला उपकारस्तुती म्हणतात तेच हे होतं, कोण जाणे. रस्ता अजून बराच उरला होता. ती बोलत राहिली.