हशा संपेपर्यंत

आमच्या पोस्टरवर गेली एकतीस वर्षं एकच मजकूर छापून येतो : 'हास्यसम्राट व्यंकटी आणि पार्टी'. त्यातली पार्टी म्हणजे मी. पेटी वाजवणारा मल्लिनाथ होता तोवर पार्टीत आम्ही दोघं होतो. तो वारला आणि मी एकटाच पार्टी उरलो. पोस्टर छापणाऱ्याला मी एकदा सांगून पाहिलं होतं, की बाबा, माझं नाव रामलिंग आहे, चार अक्षरांनी तुझी शाई संपणार नाही. तो म्हणाला, फोटो लहान करावा लागेल. फोटो अर्थातच व्यंकटीचा होता.

व्यंकटी नायगाव तालुक्यातला, मी निलंग्याचा. जत्रा, शाळा-कॉलेजांची गॅदरिंग, संडास बांधा आणि लस टोचून घ्या असं सांगणारे सरकारी कार्यक्रम, सगळं आम्ही केलं. काम पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मी साहेब, तो शिपाई. मी सावकार, तो गडी. मी प्रश्न विचारायचा आणि त्यानं उत्तर द्यायचं. लोक हसतात ते उत्तराला. प्रश्नाला कुणी टाळी दिल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि तरीही सांगतो, प्रश्न विचारणं सोपं नाही. उत्तर पडलं की हशा लगेच येत नाही. आधी पुढच्या दोन रांगा हसतात, मग मागच्यांना कळतं, मग बायकांच्या बाजूनं लाट येते. तेवढा वेळ मी तोंड मिटून, डोळे वटारून उभा राहायचं. पुढचा प्रश्न घाईनं टाकला तर लोक तो ऐकायला गप्प होतात आणि पिकत आलेला हशा तिथंच मरतो. बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं, विनोदच जरा फिका होता.

चार वर्षांपूर्वी मुदखेडची विशाखा आमच्यात आली. पोरगी सव्वीस वर्षांची, अंगानं किडमिडीत, आवाज मात्र मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा. आधी ती दोन वाक्यांची कामं करायची. गेल्या वर्षी व्यंकटीनं स्वतःच्या दोन विनोदी बतावण्या तिला दिल्या. तो बाजूला खुर्ची टाकून बसायचा आणि मी तिला प्रश्न विचारायचो. लोक हसायला लागले, चांगलेच हसायला लागले. दिवाळीनंतर मुदखेडच्या एका संयोजकानं मला फोन केला आणि म्हणाला, "व्यंकटीराव थकले असतील तर राहू द्या, त्या पोरीला आणा." माझं नाव त्यानं घेतलंसुद्धा नाही.

व्यंकटी आला, पण खुर्चीतच बसला; त्या कार्यक्रमात मी तिचा पहिला हशा तोडला.

खोटं कशाला बोलू, मुद्दाम तोडला. व्यंकटी दमला की त्याची जागा माझी, हे मी एकतीस वर्षं धरून चाललो होतो. मग ही कालची पोर मध्येच कुठून आली? पुढच्या प्रश्नाची घाई केली, बस्स. मग दुसरा तोडला, तिसरा तोडला, आणि नंतर ती सवयच झाली. विशाखाला वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. "काका, माझी येळ चुकून राहिली का?" असं ती मला विचारायची, आणि मी मान हलवून म्हणायचो, "येईल, सरावानं येईल." मागच्या महिन्यात तिनं सांगितलं, की मुदखेडला मोबाईलच्या दुकानात काम मिळतंय, पंधरा तारखेपासून तिकडं जाईन म्हणते. मी म्हणालो, "बघ बाई, तुझं तू ठरव." त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, याची आता लाज वाटते.

अशातच लातूरहून बोलावणं आलं. तिथल्या एका प्रशिक्षण संस्थेत नव्यानं नेमणूक झालेल्या मुख्याध्यापकांचं शिबिर होतं. संस्थेच्या उमाशंकर सरांना व्यंकटीचं भाषण हवं होतं, विषय 'नेतृत्व आणि सहकाऱ्यांना पुढे आणणे'. व्यंकटी सातवीत शाळा सोडलेला माणूस. पण तो हो म्हणाला. अटी दोनच घातल्या, मी आणि विशाखा दोघंही सोबत येणार आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे. बघा, किती ऐट वाढली, असं मी मनात म्हणालो.

नांदेडहून आम्ही सकाळी जीपनं निघालो. लोहा गाव मागं पडेपर्यंत मी त्याला तीनदा विचारलं, भाषणात काय बोलणार म्हणून. तो खिडकीबाहेर बघत होता. माणूस मोठा झाला की त्याला ऐकू येईनासं होतं, असं म्हणून मीही गप्प बसलो. अहमदपूरला नाश्त्याला सुशीला खायला थांबलो. चुरमुऱ्यांवर लिंबू पिळता पिळता तो एकदम म्हणाला, "आजच्यानंतर म्या स्टेजवर उभा ऱ्हाणार न्हाई. माझ्या जागी कोण, त्ये तिथंच सांगतो."

विशाखानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला. तिचा तर जाण्याचा दिवस ठरलेला होता. मग माझ्याशिवाय होतं कोण?

"हितं सांग की," मी म्हणालो.

त्यानं चहा मागवला.

लातूरच्या हॉलमध्ये दोनशे मुख्याध्यापक बसले होते. मुख्याध्यापकांना हसवणं अवघड काम. हसलो तर शिस्त जाईल अशी त्यांना भीती असते. व्यंकटीला स्टेजवर खुर्ची दिली होती, मी आणि विशाखा बाजूला. उमाशंकर सरांनी पहिली चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्यानं ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली : नेता कुणाला म्हणावं?

"ज्याचा फोटो मोठा त्याला," व्यंकटी म्हणाला. "आमच्या पोस्टरवर माझा हाय. पर म्या नेता कधी न्हवतो, सर. ज्याचा फोटोच न्हाई त्यो व्हता."

थोडे हसले. दुसरी चिठ्ठी आली : सहकाऱ्यांना वर कसं आणावं?

"वर आणाया त्यो काय हिरीत पडलाय का? त्यो उभाच असतो. आपुन त्याच्या म्होरून बाजूला सरायचं. लोकायला दिसतो मग." जरा थांबून तो म्हणाला, "आन् त्याच्या बोलण्यावर लोकं हसली, टाळ्या वाजिवल्या, तर तेवढा येळ आपुन गप ऱ्हायाचं. लई सोपं वाटतं. म्या करून बघितलं, माझ्यानं झालं न्हाई. त्ये ह्या रामलिंगला येतं."

एकतीस वर्षांत स्टेजवरून त्यानं माझं नाव पहिल्यांदा घेतलं. लोकांनी माना वळवून माझ्याकडं पाहिलं. मी सदऱ्याची बटणं चाचपली.

"आता एक खरी गोष्ट सांगतो," व्यंकटी म्हणाला. "दोन वर्सं झाली, मला हशा ऐकू येत न्हाई. आधी उजवा कान गेला, मग डावा. जवळ येऊन मोठ्यानं बोललं तर कळतं. पर एवढा मोठा हॉल हसला तरी मला समदं शांतच. मशीन बसवून बघितलं, निस्ता कालवा ऐकू येतो. म्हणून चिठ्ठ्या मागितल्या, सर. ऐट न्हाई."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. त्या दोन वर्षांत आम्ही दीडशेच्या वर कार्यक्रम केले होते. एकाच लॉजवर झोपलो, एकाच ताटात भाकरी मोडली, आणि मला पत्ता नव्हता.

"मग काम कसं केलं म्हणाल? ह्याच्या तोंडाकडं बघून. ह्याचं तोंड मिटलेलं हाय, म्हंजे लोकं आजून हसून राहिलीत. तोंड उघडलं, म्हंजे हशा संपला. माझा येक हशा ह्यानं वाया जाऊ दिला न्हाई. आता सांगा, पार्टी कोण चालवत व्हतं?"

टाळ्या पडल्या. त्या माझ्यासाठी होत्या. इतकी वर्षं ज्या टाळीची वाट पाहिली ती आली, आणि तेवढ्यात व्यंकटीनं मान वळवून सरळ माझ्याकडं पाहिलं.

"ज्याला ऐकू येत न्हाई त्याला दिसतं लई," तो सावकाश म्हणाला. "खुर्चीत बसलं की समदं दिसतं. लोकायची तोंडं हसून उघडी असत्यात, आन् कुणीतरी मधीच आपलं तोंड उघडतं. त्ये बी दिसतं."

मुख्याध्यापकांना तो विनोद वाटला, ते हसले. त्याला सगळं माहीत होतं. दिवाळीपासूनचा एक-एक तुटलेला हशा त्यानं त्या खुर्चीत बसून पाहिला होता आणि मला एका शब्दानं बोलला नव्हता.

"माझ्या जागी विशाखा," व्यंकटी म्हणाला. "ऱ्हायची असली तर. सवाल पुसणारा रामलिंगच. आता ह्ये दोघं दाखवत्याल, म्या बघतो." आणि तो खुर्ची उचलून खाली पहिल्या रांगेसमोर जाऊन बसला.

विशाखा पुढं आली. तिचा चेहरा उतरलेला होता. जायचं ठरवलेल्या माणसाला अशी जागा मिळाली की आनंद होत नाही, भीतीच वाटते. मी साहेब झालो, ती शाळेची शिपाई झाली.

"शाळंत मास्तर किती?" मी विचारलं.

"कागदावर सहा, सायेब."

"आन् शाळंत?"

"शाळंत म्या हाय ना."

हशा उठला. पुढच्या दोन रांगा हसल्या, मागच्यांना कळायला लागलं होतं, आणि माझं तोंड उघडलं. खरं सांगतो, या वेळी मनात काही नव्हतं. जिभेला लागलेली सवय, दुसरं काही नाही. "हेडमास्तर कुठं हायत?" प्रश्न तोंडातून गेला आणि हॉल गप्प झाला. विशाखानं नजर खाली केली. पुन्हा आपलीच वेळ चुकली, असं तिला वाटलं असणार. खाली व्यंकटी माझ्या तोंडाकडं बघत होता. रागानं नाही. दोन वर्षं जसा बघत होता तसाच.

विशाखानं नजर वर उचलली.

"हेडमास्तर लातूरला गेलेत, सायेब. ट्रेनिंगला. नेतृत्व शिकाया."

दोनशे मुख्याध्यापक सावध झाले. कुणीतरी मागं खुसखुसलं.

"मग शाळा कोण चालवतं?"

"कुणीच न्हाई, सायेब." तिनं एक दम घेतला. "तवाच तर चांगली चालून राहिली."

आधी काही झालं नाही. मग मागच्या रांगेतल्या एका बाई जोरात हसल्या आणि सगळा हॉल फुटला. कुणी बाक बडवत होतं, कुणी शेजाऱ्याकडं बोट दाखवत होतं, उमाशंकर सर चष्मा काढून डोळे पुसत होते. मी तोंड मिटून उभा होतो. हशा ओसरला असं वाटलं आणि पुन्हा उठला. माझ्या बोलण्यावर कुणी हसत नव्हतं, माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, व्यंकटी सोडून. एकतीस वर्षं मी हे काम केलं, पण इतकं जड कधी वाटलं नव्हतं. विशाखानं चकित होऊन माझ्याकडं पाहिलं. मी डोळे वटारले, आणि शेवटचा माणूस हसायचा थांबेपर्यंत थांबलो.

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं, की एकही हशा तुटला नाही.

नंतर चहाच्या खोलीत विशाखाभोवती मुख्याध्यापकांचा घोळका जमला. व्यंकटी कोपऱ्यात बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो.

"किती येळ हसले रं?" त्यानं विचारलं.

त्याला ऐकू येत नव्हतं. मी काहीही सांगू शकलो असतो.

"तुझ्यापेक्षा जास्त," मी त्याच्या कानाशी म्हणालो.

त्यानं कानामागं हात धरला. "आं?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

त्यानं मान हलवली, ऐकू येत नाही अशी खूण केली. मग मी उठून उभा राहिलो आणि खोलीभर जाईल अशा आवाजात म्हणालो, "विशाखाला तुझ्यापेक्षा जास्त हशा पडला. तिची येळ कधीच चुकत न्हवती. दिवाळीपासून म्याच तिचा हशा तोडून राहिलो व्हतो."

कपबशांचा आवाज थांबला. विशाखा घोळक्यातून बाजूला झाली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं मला माफ करावं, असं म्हणायचा मला हक्क नव्हता.

व्यंकटीनं बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मला पयल्या बारीलाच ऐकू आलं व्हतं."

विशाखा डोळे पुसता पुसता हसायला लागली. आधी थोडी, मग पोट धरून. ती पुरती हसून होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.