राहिलेलं ऊन

"अंगणात वाळवण घालता येतं का, तेवढं बघून सांग," मी वरुणला म्हणालो.

फोनवर तो हसला. तिकडे लास वेगासला शुक्रवारची संध्याकाळ होती, इकडे सिंगापूरला, सेंगकांगमध्ये, शनिवारची सकाळ. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. पंचावन्नच्या पुढच्या लोकांसाठी बांधलेली वसाहत, त्याच्या घरापासून वीस मिनिटांवर. पोहायला तलाव, चालायला रस्ते, संध्याकाळी क्लब. सोमवारच्या आत मी सही करायची होती, आणि मी विचारत होतो वाळवणाचं.

मी हसलो नाही तेव्हा त्याने नियमांची पुस्तिका उघडली. ती त्याच्याकडे वर्षभर पडून होती. दोन मिनिटांत सापडलं. घराबाहेर, अंगणात किंवा गॅलरीत, काहीही वाळत घालायला परवानगी नाही. कपडेसुद्धा नाहीत.

"बाबा, इथे कोणीच घालत नाही. वाळवायला डीहायड्रेटर मिळतो. मी घेऊन देतो, लाह."

त्याची शाळा सिंगापूरची, त्यामुळे इथल्या बोलीतलं ते 'लाह' अमेरिकेत जाऊनही सुटलेलं नाही. एरवी मला त्याची गंमत वाटते. आज मी फोन बंद केला.

दोन मिनिटं. मलाही तेवढीच लागली असती.

माझ्या बायकोने, संजीवनीने, त्या गावाबद्दल एवढी एकच गोष्ट विचारली होती. घर किती मोठं, शेजारी कोण, देऊळ किती लांब, काही नाही. एकोणीस वर्षं ती इथल्या दमटपणाशी भांडत होती. कपाटातल्या साड्यांना बुरशी, चामड्याच्या चपलांना बुरशी, तिखटाला गुठळ्या. पण तिचा खरा राग वाळवणावर होता. दर वर्षी ती साबुदाण्याच्या पापड्या घालायची आणि दर वर्षी दुपारी दोनला आभाळ भरून यायचं. वाळवंटातलं गाव म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. "तिथे एका दिवसात वाळतील हो," म्हणाली. "फक्त अंगणात घालू देतात का, तेवढं विचारा."

ती रोज विचारायची, विचारलंत का? मी चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकेची जुनी सिस्टिम नव्या सिस्टिमवर नेत बसलो होतो. एक दिवस मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. मी कॉरिडॉरमध्ये येऊन म्हणालो, "विचारलं. चालतं म्हणाले."

मी विचारलं नव्हतं. कुणालाच नाही.

निवृत्तीही मी दोनदा पुढे ढकलली. साहेब म्हणाले, एवढं काम तडीला नेऊन जा. मी नेलं. ते काम जुलैत संपलं आणि ऑगस्टमध्ये ती गेली. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. पहिल्या दिवशी मी ऑफिसात होतो. मग घरी बसून करायचं काय म्हणून मी आणखी आठ महिने कामावर जात राहिलो. गेल्या आठवड्यात निरोप समारंभ झाला, त्यात साहेबांनी माझ्या निष्ठेचं कौतुक केलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या निशिकांतने मला फाशांची की-चेन दिली. "प्रबोधदा, वेगासला एक डाव आमच्या नावानं टाका," म्हणाला. सगळे हसले. ती की-चेन मी एमआरटी स्टेशनच्या कचरापेटीत टाकली. निशिकांत वाईट माणूस नाही. पण टाकली.

नोकरी संपली की इथे राहायचा पास रद्द होतो. तीस दिवसांत देश सोडायचा, त्याआधी भाड्याचा फ्लॅट रिकामा करून द्यायचा. म्हणून आज फ्रीज आवरायला घेतला. फ्रीझरच्या तळाशी तो डबा होता. झाकणावर पट्टी, तिच्या अक्षरात: 'साबु. पापड्या. अर्ध्या.'

मला सगळं आठवलं. जुलैत तिने पापड्या घातल्या आणि पाऊस आला. अर्धवट वाळलेल्या पापड्या तिने डब्यात भरल्या. "राहू देत फ्रीझरमध्ये," म्हणाली. "राहिलेलं ऊन तिकडे गेल्यावर देऊ." आणि स्वतःच हसली.

तो डबा हातात घेऊनच मी वरुणला फोन लावला होता.

मग मी तिची जुनी पांढरी चादर घेतली, प्लास्टिकचा कागद घेतला आणि आमच्या ब्लॉकच्या मागच्या कारपार्कच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलो. तिथे गाड्या कमी असतात, ऊन थेट असतं. तिची जागा मला माहीत होती, कोपऱ्यातली, पाण्याच्या पाइपजवळची. जागा माहीत होती, पण एकोणीस वर्षांत मी तिथे एकदाही बसलो नव्हतो.

लिम आंटी तिथे होत्या. नवव्या मजल्यावर राहतात, सत्तरीच्या पुढच्या. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्या संत्र्याच्या साली वाळवत होत्या. ही आणि त्या आळीपाळीने साळुंक्या हाकत बसायच्या. हिचं इंग्रजी तोडकं, त्यांचं वेगळ्या तऱ्हेने तोडकं, पण तासन् तास बोलायच्या.

मी पापड्या मांडायला लागलो. एकमेकींना चिकटल्या होत्या, सोडवताना दोन तुटल्या. आंटी उठून आल्या, माझ्या हातातून डबा घेतला आणि नखाने अलगद एकेक सोडवून दिली. मग त्यांनी विचारलं, तू त्या उन्हाच्या गावाला कधी जाणार? तुझी बायको सांगायची, तिथे दिवसभर ऊन, घरापुढे मोकळी जागा, कोणी काही बोलत नाही. "शी सो हॅपी," म्हणाल्या.

ही आनंदाने सांगत होती ते सगळं मीटिंगमधून उठून मी तिला सांगितलेलं होतं.

फोन वाजला. वरुणच होता.

"बाबा, रागावलात का? मी त्यांना मेल केलंय. मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं..."

"सही करणार नाही मी."

त्याने कुठे जाणार विचारलं. कोथरूडला जाईन, म्हणालो. फ्लॅट आहे, भाडेकरू सोडतोय, बिल्डिंगला गच्ची आहे.

"एकटे? बाबा, तुम्हाला साधं कुकर लावता येत नाही. आई असती तर तिने हे चालू दिलं असतं का?"

"आई असती तर तिला कळलं असतं की मी खोटं बोललो," मी म्हणालो. "तिने विचारायला सांगितलं होतं. मी न विचारता हो म्हणालो. ते खरं धरून ती गेली. आता त्या घरात मी तलावाकाठी बसू?"

तो म्हणाला, "माझ्याकडे पण होती ती पुस्तिका. मीही नाही वाचली." या वेळी पुढे 'लाह' नव्हतं.

"ठेव आता," मी म्हणालो. "ऊन आहे तोवर बसायचंय."

आंटींनी मला स्टूल दिलं आणि स्वतः पायरीवर बसल्या. साळुंकी आली की त्या वर्तमानपत्राची घडी आपटायच्या. मग घडी माझ्याकडे दिली. खाली एलआरटीची गाडी येत होती, जात होती. संजीवनी कडा सुटल्या की पापडी उलटायची, म्हणून मी कडांकडे बघत बसलो.

दोनला बुकित पंजांगच्या बाजूने आभाळ काळं झालं. आंटी साली गोळा करायला लागल्या. मी एक पापडी उचलून पाहिली. कडा वाळल्या होत्या, मध्ये अजून बोट रुतत होतं.

सगळ्या परत डब्यात भरल्या. झाकणावरची पट्टी सुटत आली होती, ती अंगठ्याने दाबून बसवली.